कोठीची बेगमी आणि अल्प-कर्बोदक आहार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आहाराचा इतिहास सामान्यतः शेती, व्यापार आणि पाककृती या तीन अंगांनी लिहिला जातो. पथ्याचा इतिहास मात्र बहुतांशी वैद्यकाच्या इतिहासाचा एक उपविभाग मानला गेला. त्यामुळे त्यात वैद्याचे नाव येते, सिद्धान्त येतो, क्वचित रुग्णाचे नावही येते. परंतु ज्या ठिकाणी पथ्य प्रत्यक्षात पाळले किंवा मोडले जाते, त्या स्वयंपाकघराचा उल्लेख अभावानेच आढळतो. वैद्य पथ्य सांगतो, रुग्ण ते ऐकतो; पण ते सिद्धीस जाते की नाही हे घरातील कोठीत काय भरून ठेवले आहे, ते कोणी भरले आहे आणि त्यासाठी किती पैसा लागला आहे, यावर अवलंबून असते.

कर्बोदके, म्हणजे पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ, मर्यादित ठेवणारा आहार गेल्या काही दशकांत जगभर चर्चेचा विषय झाला आहे. मधुमेह व स्थूलता या दोन विकारांच्या संदर्भात त्याचा विशेष पुरस्कार केला जातो. असा आहार सुरू करणाऱ्यास पहिला सल्ला मिळतो तो स्वयंपाकघराविषयीच : आधी काय बाहेर काढावे आणि मग काय आणून ठेवावे. वरकरणी हा सल्ला केवळ व्यावहारिक वाटतो. परंतु त्यामागे सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात हा इतिहास कोठीच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) अल्प-कर्बोदक पथ्याच्या प्रमुख ऐतिहासिक टप्प्यांत स्वयंपाकघरातील साठ्यात कोणते बदल अपेक्षित होते, ते पाहणे.
२) या बदलांचा रुग्णाच्या आर्थिक व सामाजिक स्थितीशी असलेला संबंध तपासणे.
३) महाराष्ट्रातील पारंपरिक बेगमीच्या संदर्भात या पथ्याचा विचार करणे.

कोठी आणि पिष्ट : साठवणुकीचा प्रश्न

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मानवाने ज्या अन्नाभोवती स्थिर वस्ती उभी केली ते अन्न मुख्यतः पिष्टमय आहे. गहू, तांदूळ, ज्वारी, मका, सातू ही सर्व धान्ये कोरडी करून महिनोन्महिने ठेवता येतात, मोजता येतात, कर म्हणून वसूल करता येतात आणि मजुरी म्हणून देता येतात. मांस, मासे, दूध, अंडी, पालेभाज्या यांना हा गुण नाही. वाळवणे, खारवणे वा आंबवणे या प्रक्रियांनी त्यांतील काही पदार्थ टिकवता येतात. परंतु त्यांचा साठा धान्याच्या राशीची बरोबरी करू शकत नाही.

याचा अर्थ असा की, कोठीतून पिष्ट काढून टाकणे म्हणजे केवळ एक पदार्थ वगळणे नव्हे. बेगमीची रीतच बदलणे होय. वर्षातून एकदा होणारी खरेदी रोजच्या खरेदीवर येते. सुगीच्या वेळी हाती आलेल्या पैशातून वर्षाची निश्चिंती विकत घेता येत होती, त्याऐवजी दररोज हातात रोकड असणे आवश्यक ठरते. पुढील विवेचनात हाच धागा पुन्हा पुन्हा दिसून येईल.

प्राचीन भारतीय वैद्यकातील प्रमेहाचे पथ्य

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सहाव्या अध्यायात प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, निद्रासुख, दही, दूध, ग्राम्य व जलचर प्राण्यांचे मांस, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ यांचा निर्देश आहे. उपचारात सातू या धान्याला प्रमुख स्थान दिलेले आहे. येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. कर्बोदक ही रसायनशास्त्रीय संज्ञा एकोणिसाव्या शतकातील आहे. सातू हेही पिष्टमय धान्यच आहे. त्यामुळे चरकाचे पथ्य हे आधुनिक अर्थाने अल्प-कर्बोदक होते असे म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. तेथे विचार आहे तो गुरू व लघू, स्निग्ध व रूक्ष, नवे व जुने या गुणांचा. तथापि कोठीच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट स्पष्ट होते : या पथ्यात धान्य नाहीसे होत नाही, धान्याची निवड बदलते. कोठी तीच राहते, तिच्यातील रास बदलते.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात याहून वेगळा विचार आढळतो. निर्धन व आप्तहीन रुग्णाने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे तेथे सांगितले आहे. अतिधनवान रुग्णानेही श्यामाक, नीवार यांसारखी तृणधान्ये आणि आवळा, कवठ यांसारखी फळे खाऊन मृगांच्या सहवासात राहावे, असा निर्देश आहे. इतरांनी शेत नांगरावे वा विहीर खणावी. मात्र कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे.

या उताऱ्याकडे दोन कारणांसाठी लक्ष वेधावेसे वाटते. एक तर रुग्णाची आर्थिक स्थिती हा उपचाराचा भाग आहे, हे येथे उघडपणे मान्य केलेले आहे. दुसरे असे की, घराची कोठी बदलण्याऐवजी रुग्णालाच कोठीपासून दूर नेण्याचा मार्ग सुचविलेला आहे. ज्या घरात अन्न रचलेले आहे तेथे राहून संयम साधणे कठीण, ही जाणीव त्यामागे असावी. कृशाचे रक्षण करण्याची सूचना तर पुढे विसाव्या शतकातील प्रयोगांच्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थपूर्ण ठरते.

रोलो ते बुशार्दा : रुग्णालयातील पथ्य

मधुमेही व्यक्तीच्या मूत्रातील गोडवा हा साखरेचाच असतो, हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये दाखवून दिले. साखर शरीरात येते कोठून, हा प्रश्न त्यानंतर स्वाभाविकपणेच उपस्थित झाला. ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये दोन मधुमेही रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वनस्पतिजन्य पदार्थांपासून साखर निर्माण होते, म्हणून ते शक्य तितके टाळावेत, हे त्यांचे सूत्र होते. त्यांनी कॅप्टन मेरेडिथ या लष्करी अधिकाऱ्यास दिलेल्या आहारात दूध व चुन्याची निवळी, पाव-लोणी, रक्त आणि चरबी यांपासून केलेले पदार्थ, आणि दीर्घकाळ ठेवलेले, चरबीयुक्त, खवट झालेले मांस यांचा समावेश होता.

दीर्घकाळ ठेवलेले मांस ही बाब आजच्या वाचकास विचित्र वाटते. मात्र साठवणुकीच्या दृष्टीने तिचे महत्त्व आहे. शीतपेटी नसलेल्या काळात मांसप्रधान कोठीला वासाची व खवटपणाची सोबत अटळच होती. रोलो यांनी तर त्या खवटपणालाच उपचारात स्थान दिले. मेरेडिथ यांनी हे पथ्य पाळले व त्यांना गुण आला. दुसऱ्या रुग्णास, तेही वरिष्ठ लष्करी अधिकारीच होते, त्यात सातत्य ठेवता आले नाही. पथ्याचा सिद्धान्त आणि पथ्याचे पालन यांतील अंतर अशा रीतीने पहिल्याच वृत्तान्तात नोंदले गेले आहे.

फ्रान्समधील अपोलिनेर बुशार्दा (१८०६–१८८६) यांनी हा विचार अधिक व्यवहार्य केला. पाव हा फ्रेंच जेवणाचा आधार. तो वगळण्यास सांगणे म्हणजे जेवणच वगळण्यास सांगणे होते. म्हणून गव्हाच्या पिठातील पिष्ट धुऊन काढून उरलेल्या चिकट प्रथिनापासून, म्हणजे ग्लूटेनपासून, केलेला पाव त्यांनी मधुमेही व्यक्तींसाठी प्रचारात आणला. इंग्लंडमध्ये कोंड्याच्या वड्या आणि बदामाच्या पिठाची बिस्किटे याच हेतूने सुचविली गेली. ताटातील पावाची जागा रिकामी ठेवता येत नाही, ती दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते, ही सांस्कृतिक गरज या पर्यायी पदार्थांच्या मुळाशी होती. आज बदामाच्या पिठाची पोळी करू पाहणारा गृहस्थ नकळत एकोणिसाव्या शतकातील हीच परंपरा पुढे चालवीत असतो. हे पर्याय मूळ पावापेक्षा महाग होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ या काळात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला असता शहरात अन्नाची तीव्र टंचाई झाली. त्या काळात आपल्या काही मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दा यांच्या निदर्शनास आले. शहराच्या सर्व कोठ्या रिकाम्या झाल्या असता हा परिणाम दिसून आला होता. स्वेच्छेने घेतलेले पथ्य आणि लादलेली उपासमार यांचा शरीरावरील परिणाम काही अंशी सारखा असू शकतो, ही अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती या निरीक्षणातून समोर आली.

बँटिंग यांचे पत्रक

अल्प-कर्बोदक आहार रुग्णालयातून घरात आणण्याचे श्रेय विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) या लंडनमधील व्यावसायिकाकडे जाते. राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठित पेढीचे ते मालक होते. उतारवयात त्यांचे वजन इतके वाढले की, स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधणे त्यांना अशक्य झाले आणि जिना उतरताना पाठमोरे उतरावे लागे. ऑगस्ट १८६२ मध्ये ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत व शर्करा यांसंबंधीची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी बँटिंग यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले. त्या वेळी बँटिंग यांचे वजन २०२ पौंड (सुमारे ९२ किलो) होते. वर्षभरात ते सुमारे ४६ पौंडांनी (सुमारे २१ किलो) कमी झाले. हा अनुभव त्यांनी १८६३ मध्ये स्थूलतेविषयीचे एक पत्रक छापून जनतेपुढे मांडला. पहिली आवृत्ती त्यांनी स्वखर्चाने छापून विनामूल्य वाटली. पुढे मागणी इतकी वाढली की, त्यांचे आडनाव इंग्रजीत आहारनियमनाचे क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत त्यापासून आलेले ‘बांता’ हे क्रियापद आजही रूढ आहे.

या पत्रकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात सिद्धान्ताचा भार फारसा नाही; आहे ती पदार्थांची यादी. न्याहारीस चार ते पाच औंस गोमांस, मेंढीचे मांस किंवा भाजलेले मासे, दूध व साखर नसलेला चहा आणि एक औंस कोरडा टोस्ट. मुख्य जेवणात पाच ते सहा औंस मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, फळ, कोंबडी वा शिकारीचे मांस आणि दोन-तीन पेले क्लॅरेट, शेरी वा मादेरा. सायंकाळी थोडे फळ. रात्री पुन्हा मांस वा मासे. डुकराचे मांस व सामन मासा मात्र वर्ज्य. यापूर्वीचा त्यांचा आहार म्हणजे दूध-पाव, भरपूर साखरेचा चहा, लोणी लावलेला टोस्ट, बिअर आणि गोड भाजके पदार्थ.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या असता कोठीतील स्थित्यंतर डोळ्यांपुढे उभे राहते. पहिली कोठी पिठाची, साखरेची व बिअरच्या पिंपाची; दुसरी खाटकाच्या, कोळ्याच्या आणि मद्यविक्रेत्याच्या रोजच्या पुरवठ्यावर चालणारी. दिवसातून तीन वेळा मांस किंवा मासे ही व्हिक्टोरियन लंडनमधील श्रमिक कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. तेथील मजुराचे जेवण पाव, बटाटे आणि साखर घातलेला चहा यांवर उभे होते. म्हणजे हार्वे यांनी वर्ज्य ठरविलेले पदार्थ हाच त्याचा आधार होता. धनिकाला जो अपाय वाटत होता तोच श्रमिकाचा निर्वाह होता. शिवाय या पदार्थांची खरेदी, साफसफाई व शिजवणूक कोणी केली, याविषयी पत्रकात काही आढळत नाही. सुस्थितीतील गृहस्थाच्या घरी ते काम चाकरमाणसांचे असे आणि म्हणूनच ते लिहिण्याजोगे वाटत नसे.

कुलूप आणि तराजू : इन्सुलिनपूर्व काळ

स्थूल व्यक्तीस पथ्य मोडल्याने फार तर वजन वाढण्याचा धोका होता. मधुमेही व्यक्तीची, विशेषतः मधुमेही बालकाची स्थिती निराळी होती. इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी कठोर पथ्य हा आयुष्य थोडे लांबविण्याचा जवळजवळ एकमेव उपाय होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पथ्याला सक्तीचे स्वरूप आले. इटलीतील आर्नाल्दो कांतानी आपल्या रुग्णांना मांसाहारावर ठेवीत आणि त्यांनी अन्य काही खाऊ नये म्हणून त्यांना कुलूपबंद खोलीत ठेवीत. जर्मनीतील बर्नहार्ड नाउनिन यांनीही हीच पद्धत अवलंबिली. कोठीला कुलूप घालणे ही घरोघरची रीत; येथे मात्र कुलूप रुग्णाला घातले गेले.

अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी १९१४ पासून रॉकफेलर संस्थेत उपवास व अत्यल्प आहाराची पद्धत विकसित केली. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ७६ रुग्णांच्या तपशीलवार नोंदी आहेत. भाज्यांतील उरलेसुरले कर्बोदक निघून जावे म्हणून त्या तीनदा उकळून प्रत्येक वेळी पाणी फेकून देण्यात येई. बॉस्टनमधील इलियट जॉस्लिन यांनी रुग्णशिक्षणावर भर दिला. भाज्यांची कर्बोदकांच्या टक्केवारीनुसार वर्गवारी आणि स्वयंपाकघरातील तराजू ही त्यांच्या पद्धतीची प्रमुख साधने होती. अन्नातील घटकांची कोष्टके १८९६ मध्ये विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी अमेरिकेच्या कृषी विभागासाठी सिद्ध केली होती, म्हणूनच हे शक्य झाले. पदार्थाची ओळख चवीवरून वा रीतीवरून न होता आकड्यावरून होऊ लागली.

या पद्धतीची मानवी किंमत अ‍ॅलन यांच्याच नोंदींतून कळते. बारा वर्षांच्या एका अंध मुलाच्या मूत्रात कडक देखरेख असूनही साखर येत राहिली. शोध घेता त्याने दात घासण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यातील पक्ष्यासाठी ठेवलेले दाणे खाल्ल्याचे उघडकीस आले. ज्या घरातून वा खोलीतून सर्व अन्न हलविले गेले तेथेही भुकेला अन्न सापडलेच. दुसरे उदाहरण एलिझाबेथ ह्यूज हिचे. अमेरिकेतील ख्यातनाम राजकारणी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्या या मुलीस १९१९ मध्ये मधुमेह झाला. तिच्या प्रत्येक घासाचे वजन करण्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमलेली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरोंटोस इन्सुलिनसाठी गेली तेव्हा, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिचे वजन केवळ ४५ पौंड (सुमारे २० किलो) होते. ती वाचली आणि १९८१ पर्यंत जगली. तिच्या जिवंत राहण्यात इन्सुलिनचा वाटा निर्णायक आहे. परंतु इन्सुलिन येईपर्यंत तग धरता यावा यासाठी जी व्यवस्था लागली ती फारच थोड्या कुटुंबांना परवडण्याजोगी होती.

जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे रुग्णास प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले आणि या कठोर पथ्याची अनिवार्यता संपुष्टात आली. त्यापूर्वी वर्षभर, १९२१ मध्ये, मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्ध पदार्थ असलेला ‘कीटोजेनिक’ आहार सुचविला होता. आज हे नाव वजन कमी करण्याच्या संदर्भात सर्रास वापरले जाते. त्याचे मूळ मात्र अपस्माराच्या उपचारात आहे.

अ‍ॅटकिन्स ते ‘हिरवी यादी’ : बाजारपेठेचा प्रवेश

१९७२ मध्ये न्यूयॉर्कमधील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अल्प-कर्बोदक आहार पुन्हा लोकप्रिय झाला. १९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यावर कठोर टीका केली. १९९२ च्या सुधारित पुस्तकातील पद्धतीनुसार पहिल्या दोन आठवड्यांत कर्बोदकांची मर्यादा दिवसाला सुमारे २० ग्रॅम होती. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅटकिन्स यांचे निधन झाले. त्या सुमारास अमेरिकेतील दुकाने अल्प-कर्बोदक पाव, शेवया व चॉकलेट यांनी भरून गेली होती. दोनच वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, त्यांच्या नावाने चालणाऱ्या अ‍ॅटकिन्स न्यूट्रिशनल्स या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या टप्प्यावर बेगमी हीच विक्रीयोग्य वस्तू बनली. घरातील पीठ, साखर, बिस्किटे काढून टाकणे आणि नव्या वस्तू भरणे हा आहारपुस्तिकांतील एक रूढ भाग झाला. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स व त्यांच्या सहलेखकांच्या २०१३ मधील पुस्तकाने पदार्थांच्या हिरव्या, नारिंगी व लाल अशा याद्या प्रचारात आणल्या. तेथे हा आहार आजही बँटिंग यांच्या नावाने ओळखला जातो. गंमत अशी की, ज्या लोण्याला हार्वे यांनी वर्ज्य मानले ते आता हिरव्या यादीत आले आणि हार्वे यांनी मान्य केलेला टोस्ट लाल यादीत गेला. नाव टिकले, कोठीतील वस्तूंची मात्र अदलाबदल झाली.

परिणामांविषयी आजचे ज्ञान बरेच संयत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनंतर अल्प-कर्बोदक आहार घेणाऱ्यांचे वजन अधिक घटलेले आढळले. वर्षअखेर हा फरक लक्षणीय राहिला नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात अल्प-स्निग्ध व अल्प-कर्बोदक या दोन्ही गटांत बारा महिन्यांतील वजनघट अनुक्रमे सरासरी ५.३ व ६.० किलो होती, आणि त्यांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. मधुमेहावर औषधे घेणाऱ्या व्यक्तीने कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून असा बदल वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचा असतो, हेही येथे सांगणे अवश्य आहे.

महाराष्ट्रातील कोठी

आता आपल्याकडील स्थिती पाहू. महाराष्ट्रातील पारंपरिक बेगमी उन्हाळ्यात होत असे. धान्य उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत वा कोठीत भरले जाई. पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणे होत. कोकणात आगोटीपूर्वी तांदळाबरोबरच सुके बोंबील, सुकट, जवळा यांचा साठा केला जाई. जेवणाची भाषाही या कोठीने घडविली. भाकरी किंवा भात म्हणजे जेवण. बाकी सर्व तोंडीलावणे किंवा कोरड्यास. पिष्ट हा मुख्य घटक आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थ त्याचे सोबती, ही श्रेणी आपल्या शब्दांतच रुजलेली आहे. उपवासाचे उदाहरण तर बोलके आहे. धान्य वर्ज्य करणाऱ्या दिवशी साबुदाणा, बटाटा व वरी हे पदार्थ ताटात येतात आणि हे सर्वच पिष्टमय आहेत. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आहारशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ ठरते.

भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके कुन्नूर येथील प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांच्या मार्गदर्शनाखाली तयार होऊन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली; पुढे सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ती नव्याने सिद्ध केली. या कोष्टकांनुसार दर १०० ग्रॅममध्ये कर्बोदकांचे प्रमाण तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, ज्वारीत ७३, नाचणीत ७२, गव्हाच्या पिठात ६९ व बाजरीत ६८ ग्रॅम आहे. म्हणजे केवळ पोळीऐवजी भाकरी घेतल्याने कर्बोदकांत म्हणण्यासारखी घट होत नाही. भाकरीचे लाभ तंतू व खनिजे यांच्या अंगाने पाहावे लागतील. याहून महत्त्वाची बाब डाळींची. तूरडाळीत सुमारे ५८ व हरभराडाळीत ६० ग्रॅम कर्बोदके असतात. पाश्चात्त्य पथ्य मांसाहारी घरासाठी रचले गेले. तेथे पाव काढला तरी प्रथिनांचा साठा शाबूत राहतो. शाकाहारी मराठी घरात मात्र प्रथिनांचा मुख्य आधार असलेले वरणच पिष्टही घेऊन येते. अशा घरात मग उरतात ते पनीर, दही, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि पालेभाज्या. शेंगदाण्यात सुमारे २६ व सुक्या खोबऱ्यात १८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून तेही मोजूनच घ्यावे लागतात.

यांतील कित्येक वस्तू मराठी कोठीला नव्या नाहीत. तिळाची, जवसाची, कारळ्याची चटणी, दाण्याचे कूट, सुके खोबरे, सुके मासे हे पदार्थ पूर्वीपासून टिकाऊ बेगमीत होते. बदलावयाची आहे ती वस्तू नव्हे, प्रमाण. तोंडीलावण्यास जेवणाच्या जागी आणावयाचे आहे. आर्थिक दृष्ट्या हाच बदल सर्वांत अवघड आहे. जो पदार्थ महाग म्हणून चमचाभर वाढला जात होता तो वाडगाभर वाढणे ही सधन घरालाच शक्य होणारी गोष्ट आहे.

या संदर्भात शासनाच्या धोरणाचाही विचार करावा लागतो. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्यामागे दुष्काळ व युद्ध यांचा अनुभव होता आणि धान्याचा किमान वाटा मिळणे ही अनेकांच्या जगण्याची अट होती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते. पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून गहू की तांदूळ यानुसार ११५ ते १३० ग्रॅम कर्बोदके मिळतात. अ‍ॅटकिन्स यांच्या पहिल्या टप्प्यातील मर्यादेच्या ही जवळजवळ सहापट आहे. उपासमार रोखणाऱ्या या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचे दाखविले आणि त्याच पाहणीतील २०२५ च्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. ज्या घराची कोठी शिधापत्रिकेवर भरते त्या घरातील मधुमेही स्त्रीला ‘भात व पोळी कमी करा’ असे सांगताना, तिच्या कोठीत त्याऐवजी काय आहे, हा प्रश्न वैद्यानेही विचारला पाहिजे आणि धोरणकर्त्यानेही.

शेवटी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न. एकत्र कुटुंबात एकाचे पथ्य म्हणजे दोन स्वयंपाक. पथ्य पुरुषाचे असेल तर ते सहसा सांभाळले जाते. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे असेल तर उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तीच तो संपविते. बँटिंग यांच्या पत्रकात न दिसणारी व्यक्ती आपल्याही घरात पुष्कळदा दिसत नाही.

निष्कर्ष

१) अल्प-कर्बोदक पथ्याचा इतिहास हा जितका सिद्धान्तांचा तितकाच साठवणुकीचा इतिहास आहे. पिष्ट हे टिकणारे अन्न असल्याने ते वगळताच वर्षाच्या बेगमीची जागा रोजच्या खरेदीला घ्यावी लागते.

२) मेरेडिथ, बँटिंग, एलिझाबेथ ह्यूज ही नोंदली गेलेली यशाची उदाहरणे साधनसंपन्न घरांतील आहेत. त्यांच्या यशात पथ्याबरोबरच पुरवठा, पैसा आणि दुसऱ्याचे श्रम यांचा वाटा होता. या पथ्याच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना हा वाटा वेगळा काढून पाहणे आवश्यक आहे.

३) अन्न दूर केल्याने भूक दूर होत नाही, हे इन्सुलिनपूर्व काळातील नोंदी सांगतात. कृशाचे रक्षण करावे ही सुश्रुताची सूचना म्हणूनच आजही मार्गदर्शक आहे.

४) महाराष्ट्राच्या संदर्भात परकी यादी जशीच्या तशी स्वीकारणे उपयोगाचे नाही. येथील कोठीतच असलेल्या तेलबिया, चटण्या, सुके मासे व रानभाज्या यांचे ताटातील प्रमाण वाढविणे हा अधिक स्वाभाविक मार्ग आहे. तथापि तो सर्वांना परवडावा यासाठी सार्वजनिक वितरणात धान्याच्या जोडीला प्रथिनयुक्त पदार्थ आणण्याचा विचार करावा लागेल.

पथ्य हे उपदेशाने सिद्ध होत नाही, कोठीने सिद्ध होते. ज्याची कोठी भरण्याची ऐपत नाही त्यास पथ्य न पाळल्याचा दोष देणे, हे इतिहासाच्या साक्षीने पाहता न्याय्य ठरत नाही.